रजेवर गेलेला षड्ज

गिटार शिकावयास घेणाऱ्या मनुष्याचा आरंभीचा काळ, म्हणजे ज्या काळात त्याला मेजर आणि मायनर या दोनच जाती ठाऊक असतात तो काळ, त्याच्या स्वतःच्या दृष्टीने सुखाचा आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने सह्य असा असतो. मेजर म्हटले की शुद्ध गांधार आणि प्रसन्न मुद्रा, मायनर म्हटले की कोमल गांधार आणि किंचित झुकलेली मान, एवढ्या भांडवलावर सहलीच्या शेकोटीपासून कॉलेजच्या स्नेहसंमेलनापर्यंतचे सर्व प्रसंग निभावून नेता येतात. आणि ए मायनर, डी मायनर व ई सेव्हन या तीन कॉर्डांच्या बळावर जो गृहस्थ हिंदी चित्रपटांतील निम्मी दुःखे वाजवून दाखवतो, त्यास अधिक काही शिकण्याची निकड भासावी असे वस्तुतः काही कारण नसते. तथापि केव्हा तरी त्याच्या हाती एखादे पुस्तक पडते आणि त्यात ए मायनर नाइन, ए मायनर इलेव्हन, ए मायनर थर्टीन अशी नावे त्याच्या दृष्टीस पडतात. आजवर ज्याला आपण नुसते दुःख समजत होतो त्याचे नऊ नंबरचे, अकरा नंबरचे आणि तेरा नंबरचे असे प्रकार असून त्यांतील एकाचाही आपणांस अनुभव नाही, हे कळताच त्याच्या मनाची जी अवस्था होते ती त्याच्या साध्या ए मायनरने व्यक्त होण्यासारखी नसते.

वास्तविक या आकड्यांमागील गणित प्राथमिक शाळेच्या आवाक्याबाहेरचे नाही. ए हा षड्ज मानावा आणि त्यावरून एक स्वर गाळून पुढचा उचलावा, या चालीने वर चढत जावे. सा, कोमल ग, प, म्हणजे ए, सी, ई, एवढ्यात साधा मायनर सिद्ध होतो. आणखी एक उडी मारली की कोमल नी, म्हणजे जी, हाती लागतो आणि मायनर सेव्हन होतो. येथे मध्य सप्तकातील ठाणी संपतात. पण उड्या मारण्याची हौस ज्याची संपत नाही तो तार सप्तकात शिरतो आणि तेथे त्याला प्रथम रे, मग म आणि मग ध, म्हणजे बी, डी आणि एफ शार्प, भेटतात. खालून मोजत आल्यास यांचे अनुक्रमांक नऊ, अकरा आणि तेरा असे येतात. पुढची उडी पंधरावर पडते आणि तेथे पुन्हा षड्जच उभा असल्यामुळे हा प्रवास निसर्गतःच तेरावर संपतो. अन्यथा संगीतशास्त्रज्ञांनी सत्तावीस नंबरचा मायनरही काढून ठेवला असता, यात आम्हांला शंका नाही.

आता चाणाक्ष वाचकाच्या हे लक्षात आलेच असेल की तेरापर्यंत पोचेतो सातही स्वर गोळा झालेले असतात, आणि गांधार व निषाद कोमल, बाकीचे शुद्ध, असा तो संच म्हणजे पंडित भातखंडे यांनी दहा थाटांत बसवलेला आपला काफी थाट होय. फरक इतकाच की आपल्याकडे हे सात स्वर एकामागून एक, परस्परांची अदब राखून, कधी कधी तर तासभर वेळ घेऊन भेटीस येतात आणि मायनर थर्टीनमध्ये ते सर्व एकाच क्षणी दारातून आत घुसतात. आमच्या एका गवई स्नेह्यांना एकदा पियानोवर हा कॉर्ड पुरा ऐकवण्यात आला, तेव्हा ते बराच वेळ डोळे मिटून बसले आणि मग म्हणाले, "काफी आहे खरा. पण एवढी घाई कसली आहे?" त्यांना पुढे असेही सांगण्यात आले की धैवत कोमल घेतला तर हाच कॉर्ड आसावरी थाटाचा होतो, परंतु तो कोमल धैवत पंचमाला अर्ध्या स्वराच्या अंतरावरून घासत राहत असल्यामुळे वादक बहुधा शुद्धच पसंत करतात. यावर त्यांनी पंचमाबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि पान मागवले.

पियानोवाल्यास दहा बोटे आणि अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असल्यामुळे त्याला सात स्वर म्हणजे काहीच नव्हे. गिटारवाल्याची स्थिती निराळी. त्याच्याजवळ तारा सहा आणि बोटे चार, कारण अंगठा मानेच्या मागे पहाऱ्यावर असतो. सहा तारांवर सात स्वर बसवणे हे कोणत्याही थोर वादकास साधलेले नाही, आणि म्हणून गिटारवरील विस्तारित मायनर कॉर्ड ही मुळात बेरजेची नसून वजाबाकीची विद्या आहे. कोणता स्वर घ्यावा हे पुस्तकात असते. कोणता गाळावा हे ज्याला कळते तो वादक.

ही वजाबाकी आम्हांला ज्यांनी शिकवली ते मास्तर मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या पॅरिश शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फेज आणि व्हायोलिनही शिकवण्याची वहिवाट होती, आणि त्या वहिवाटीचे सर्वांत मोठे उत्पन्न पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीने खाल्ले. शंकर-जयकिशन यांच्या चालींचे वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा काय, किंवा प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस काय, संगीतकाराने पेटीवर गुणगुणून दाखवलेल्या एकेरी सुरामागे कॉर्डांची भिंत उभी करून देणारी ही मंडळी श्रेयनामावलीत फार वर कधी दिसली नाहीत. आमचे मास्तर त्या पिढीच्या मागच्या बाकावरचे. उतारवयात धोबीतलावानजीक एका खोलीत ते शिकवण्या करीत, आणि विद्यार्थ्याने पुस्तकातील पाच-सहा स्वरांचा कॉर्ड घामाघूम होऊन धरला की ते शांतपणे म्हणत, "तो पाचवो सोड रे पुता. ताका कोण आयकता?"

पंचमाला कोण ऐकतो, हा प्रश्न प्रथमदर्शनी कठोर वाटेल; पण त्यांचा अभिप्राय समजण्यास एखाद्या तालुक्याच्या मामलेदार कचेरीकडे दृष्टी टाकावी. तेथे षड्ज हे मामलेदारसाहेब होत. त्यांच्या नावाने सर्व कारभार चालतो. कोमल गांधार हे शिरस्तेदार. प्रकरण मेजर ठरावयाचे की मायनर, याचा निकाल वस्तुतः तेच लावतात आणि साहेब खाली सही करतात. कोमल निषाद हे अव्वल कारकून. ते हजर असल्याखेरीज नव्याने आलेल्या ऋषभ, मध्यम, धैवत या उमेदवारांना दफ्तरी नऊ, अकरा, तेरा हे हुद्दे मिळत नाहीत. निषाद गैरहजर असताना ऋषभ आला तर त्याची नोंद मायनर नाइन अशी होत नाही, तर मायनर ॲड नाइन, म्हणजे निव्वळ वाढीव इसम, अशी होते. राहता राहिला पंचम. हा वयोवृद्ध गृहस्थ साहेब जे म्हणतील त्यास "होय साहेब" एवढेच म्हणतो. हे आम्ही त्याच्या निंदेखातर सांगत नाही. कोणतीही तार छेडली असता तिच्या मूळ नादाबरोबर जे सूक्ष्म उपनाद उमटतात त्यांत पंचम आरंभीच आणि ठळकपणे असतो, सबब षड्ज बोलला की पंचम अर्धामुर्धा बोललेला असतोच. काटकसरीचे फर्मान निघाले की पहिली गदा त्याच्यावर येते आणि कारभारात काडीचा फरक पडत नाही. डी मायनर नाइनचा जो आकार सर्व जगभर वाजवला जातो, पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर आणि दुसरीवर पुन्हा पाचवा, त्यात डी, एफ, सी, ई असे चारच स्वर आहेत आणि पंचम जो ए, त्याचा हजेरीपटावर पत्ताही नाही.

पंचमानंतर गदा येते ती, नवल वाटेल, खुद्द मामलेदारांवर. वाद्यवृंदात बास वाजवणारा मनुष्य असला की षड्ज तो सांभाळतो आणि गिटारवाल्याने षड्ज वाजवलाच पाहिजे असे बंधन उरत नाही. साहेब दौऱ्यावर आहेत असे समजून उरलेल्यांनी काम चालवावे. शिरस्तेदार आणि अव्वल कारकून यांना मात्र रजा नाही, कारण ते दोघे गेले तर कचेरी कशाची आहे हेच बाहेरच्यास कळावयाचे नाही. येथपर्यंत सर्व ठीक. पण बासवाला आजारी पडला आणि गिटारवाला षड्जावाचून तसाच वाजवीत राहिला, तर जो प्रकार घडतो त्याने मनुष्यस्वभावाविषयीच्या आमच्या पुष्कळ शंका फिटल्या. ए मायनर नाइन या गंभीर, चिंताक्रांत कॉर्डातून ए काढून घ्या: उरतात सी, ई, जी आणि बी, आणि या चौघांचे मिळून नाव सी मेजर सेव्हन, जो पाश्चात्य संगीतातील अत्यंत समाधानी, उन्हाला पाठ देऊन बसल्यासारखा कॉर्ड आहे. माणसे तीच, टेबले तीच, दफ्तर तेच. फक्त साहेब रजेवर गेले आणि सर्व कचेरी मायनरची मेजर झाली! याला आणखी काही पुरावा हवा असेल तर मायनर सेव्हन घ्या. ए, सी, ई, जी यांनी ए ला साहेब मानले तर ए मायनर सेव्हन, आणि त्याच चौघांनी सी ला खुर्चीवर बसवले तर सी सिक्स. दुःखी असावे की सुखी, हे त्यांच्या ठायी काहीच ठरलेले नाही. खालच्या खुर्चीवर कोण बसला आहे तेवढे पाहून ते आपला चेहरा करतात.

उमेदवारांपैकी मध्यमाची कथा विशेष आहे. शुद्ध गांधाराच्या, म्हणजे मेजरच्या, कचेरीत त्याची नेमणूक झाली तर दोघांत अर्ध्या स्वराचे अंतर पडून रोज कुरबूर होते, आणि म्हणून जाणते वादक मेजर इलेव्हनच्या वाटेस सहसा जात नाहीत. कोमल गांधारापासून मात्र तो पूर्ण एक स्वर दूर बसतो, आणि या सन्मान्य अंतरामुळे मायनर इलेव्हनमध्ये जी एक ऐसपैस, कोणासही जाब न विचारणारी शांतता नांदते ती दुसऱ्या कोणत्याही कॉर्डात नाही. धैवताचे तसे नाही. शुद्ध धैवत आणि कोमल गांधार, म्हणजे एफ शार्प आणि सी, यांचे अंतर असे आहे की ते दोघे एकत्र आले की पुढे येणारा डी सेव्हन कानाला आधीच ऐकू येऊ लागतो. बदलीचा हुकूम निघण्यापूर्वीच त्याचा मजकूर गावभर करणारा हा उमेदवार. सबब पाचव्या फ्रेटवर सहावी, चौथी आणि तिसरी तार दाबून व पहिल्या दोन तारा सातव्यावर धरून मायनर थर्टीन वाजवता येत असला तरी मास्तर तो क्वचितच वाजवीत, आणि वाजवलाच तर ज्याच्याकडे गुपित ठेवता येत नाही अशा नातलगाविषयी बोलताना होतो तसा चेहरा करून वाजवीत.

वजाबाकीच्या या संप्रदायाचा महंत कोण असे विचाराल तर काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील फ्रेडी ग्रीन. 1937 साली तो त्या वृंदात रुजू झाला आणि 1987 साली मृत्यू येईपर्यंत त्याच जागी राहिला. इतकी दीर्घ नोकरी होऊनही तो बढतीने स्वर वाढवीत गेला नाही, तर कमी करीत गेला. हाताने कॉर्डाचा आकार धरलेला दिसे, पण प्रत्यक्षात दोन-तीन आणि पुष्कळदा एकच स्वर, तोही बहुधा चौथ्या तारेवरचा, ऐकू येई. बाकीचे पितळी वाद्यांवर सोपवलेले असत. याच्या अगदी उलट प्रकृतीचा पुरुष म्हणजे जॉर्ज व्हॅन एप्स. सहा तारांत आपले भागत नाही असे दिसताच त्याने कोणताही स्वर न गाळता 1930 च्या दशकाच्या अखेरीस एपिफोनकडून सात तारांची गिटार करवून घेतली आणि खाली एक जाडजूड ए बसवला. प्रपंचात खर्च आवाक्याबाहेर गेला असता काही लोक खर्च कमी करतात आणि काही उत्पन्न वाढवतात. आम्ही स्वभावतः पहिल्या पक्षाचे, तेही दुसरा जमत नाही म्हणून.

बोटांची कहाणी मात्र सांगण्यावाचून गत्यंतर नाही. ए मायनर नाइनचा एक आकार असा आहे की त्यात चार बोटांना चार तारांवर चार निरनिराळे फ्रेट नेमून दिलेले असतात आणि एकाचाही क्रम दुसऱ्याशी जुळत नाही: चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा, दुसरीवर पहिला, पहिलीवर तिसरा. करंगळी, जिला आजपर्यंतच्या आयुष्यात कानाच्या सफाईखेरीज काही जबाबदारीचे काम नव्हते, तिला यात सर्वांत दूरच्या ठाण्यावर पाठवलेले आहे. हा आकार साधला की मध्ये बी आणि सी हे स्वर एकमेकांना अर्ध्या स्वराने खेटून वाजतात आणि त्यातून जो खवट गोडवा निघतो तो खरोखर अपूर्व असतो, परंतु तो ऐकावयास वादकाचे लक्ष मनगटावरून मोकळे व्हावे लागते. पुनःपुन्हा हा कॉर्ड धरणाऱ्याकडे घरातील वडील माणसे चिंतेने पाहतात. अशा चिंतेला पूर्वपरंपरा आहे. इंडियानापोलिसच्या वेस माँटगोमेरीने दिवसा नोकरी करून रात्री सराव करताना शेजाऱ्यांची झोपमोड टाळण्यासाठी पिक टाकून अंगठ्याने छेडण्यास आरंभ केला आणि त्यातूनच त्याचा तो मऊ, गोल नाद जन्मास आला असे सांगतात. आणि ब्राझीलचा झुआंव झिल्बेर्तो 1950 च्या दशकाच्या मध्यास दियामांतिना गावी बहिणीकडे राहावयास गेला असता नाद चांगला घुमतो म्हणून तिच्या न्हाणीघरात दार लावून तासन्तास कॉर्ड घोळवीत बसे, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. त्या न्हाणीघरातून 1958 पर्यंत बोसा नोवा बाहेर आला, ही गोष्ट जगाने कृतज्ञतेने लक्षात ठेवली. तोपर्यंत घरातील इतरांच्या आंघोळीची तजवीज कशी होत होती, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

इतक्या सायासांनंतर जी गोष्ट कळते ती कळल्यावाचून राहिली असती तर बरे झाले असते, असे आम्हांस अनेकदा वाटले आहे. गिटारच्या सहा तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. ही जुळणी हाताच्या सोयीसाठी झाली आहे. लगतच्या तारांत चार वेळा मध्यमाचे आणि फक्त जी व बी यांच्यात शुद्ध गांधाराचे अंतर ठेवले की बोटांना फार धावावे लागत नाही, एवढाच त्यातील हेतू. पण ई षड्ज धरून हे स्वर तपासा: ई षड्ज, जी कोमल गांधार, बी पंचम, डी कोमल निषाद आणि ए हा अकरावा. म्हणजे काहीही न दाबता, कसलेही ज्ञान नसताना, नुसता हात फिरवला की निघतो तो ई मायनर इलेव्हन, फक्त नवव्याची काय ती उणीव! 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये, पूर्वी चर्च असलेल्या कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओत, माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट' या रचनेत बिल इव्हान्सने पियानोवर जे पाच स्वरांचे उद्गार काढले आणि ज्यांच्यावर पुढे प्रबंध लिहिले गेले, त्यांतील पहिल्याचे स्वर खालून वर ई, ए, डी, जी, बी हेच. दुकानातून घरी आणलेली गिटार कोपऱ्यात ठेवताना रांगते मूल तिच्यावर जो पहिला हात मारते, त्यात ते आधुनिक जाझ वाजवीत असते आणि आपण त्याला रागावतो.

मास्तरांच्या खोलीत एकदा याच विषयावर बोलणे चालले असता त्यांच्या ओळखीचे एक सेवानिवृत्त शिरस्तेदार, खरेखुरे महसूल खात्यातले, काही कागदपत्रांच्या कामासाठी आले होते. बसल्या बसल्या त्यांनी शेजारी उभ्या केलेल्या गिटारीवरून तर्जनी ओढली आणि "ही वाजते का हो?" असे विचारले.

"वाजली की," मास्तर म्हणाले. "तुम्ही आत्ता ई मायनर इलेव्हन वाजवला, साहेब. फक्त नववा नाय त्यात."

"नाही म्हणजे?" शिरस्तेदारांनी चष्मा वर केला. "गैरहजेरीचा अर्ज आहे का त्याचा?"

मास्तरांनी हसून त्यांचे बोट धरले आणि सर्वांत बारीक तारेवर दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे एफ शार्पवर, टेकवले. मग साही तारा त्यांच्याच दुसऱ्या हातून सावकाश छेडून घेतल्या. षड्ज, मध्यम, निषाद, गांधार, पंचम आणि ऋषभ, सहाही जण हजर, एकही रजेवर नाही, पंचमसुद्धा कामावर. आम्ही करंगळीचे हाल करून जो कधी पुरा केला नव्हता तो कॉर्ड त्या गृहस्थांनी एका बोटाने, तेही डाव्या हाताची अंगठी न काढता, पुरा करून दाखवला. त्यांना तो आवडलेला दिसला. त्यांनी तो पुन्हा वाजवला, मान डोलावली आणि मग वरचा हुद्दा विचारण्याची जी सवय सरकारी नोकरीत जडते तिला अनुसरून विचारले, "याच्या पुढे काय असते?"

"तेरावा. पण त्याला सातवी तार हवी, नायतर कुणाला तरी काढायला हवा."

शिरस्तेदारांनी गिटार जपून भिंतीला टेकवून ठेवली आणि आपले कागद उचलले. "मग राहू द्या, मास्तर. येत्या गुरुवारी नातवाची मुंज आहे, आत्ता तेरावा कुठे काढता!"